अणूची ओसरी आणि अणूचे बळद

गेल्या उन्हाळ्यात पैठण तालुक्यातील एका गावी मुक्कामाचा योग आला. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांच्या विहिरीवर नुकताच सौर पंप बसला होता. दिवेलागणीला आम्ही ओट्यावर बसलो असता घरातील नववीतली नात विज्ञानाचे पुस्तक घेऊन आली आणि आजोबांना म्हणाली, "आबा, सोलरच्या प्लेटात ना डिझेल, ना फिरणारं चाक. मग तिच्यातून वीज निघते तरी कशी?"

आबा हसले. म्हणाले, "ते अणूचं काम आहे बाई. आणि अणू म्हटलं की आपण दोन हात लांब राहिलेलं बरं."

आबांच्या या बोलण्यामागे कारण होते. शेजारच्या घरातील एक बाई शहरातील दवाखान्यात कर्करोगासाठी 'शेक' घेऊन परतल्या होत्या. तिच्या अंगात आता किरणे भरली आहेत असे कोणीतरी सांगितले. तेव्हापासून तिचे ताट-वाटी वेगळे झाले होते आणि दोन वर्षांच्या नातवाला तिच्या मांडीवर बसू देत नव्हते. आजार सोसून आलेल्या त्या माऊलीला आपल्याच घरात परक्यासारखे राहावे लागत होते. तेही एका शब्दाच्या भीतीने!

शेतकरी बंधुभगिनींनो, नातीचा प्रश्न आणि शेजारणीचे दुःख या दोन्ही गोष्टींचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. ते म्हणजे अणूची रचना. ती समजण्यास फार मोठे गणित लागत नाही. आपल्या मराठवाड्यातील जुना वाडा डोळ्यांपुढे आणला तरी पुरते.

वावरात ज्वारीचा एक दाणा

जगातील प्रत्येक वस्तू, मग ती माती असो, पाणी असो, कापसाचे बोंड असो की आपला देह, अणूंची बनलेली आहे. प्रत्येक अणूच्या मध्यभागी एक केंद्रक असते. केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे कण घट्ट बसलेले असतात. प्रोटॉनवर धन विद्युतभार असतो, न्यूट्रॉनवर कोणताच नसतो. केंद्रकाच्या भोवती ऋण विद्युतभाराचे इलेक्ट्रॉन असतात. जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन, म्हणून एकंदर हिशेब शून्य राहतो.

आता मापे पाहा. सिलिकॉनच्या अणूचे केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढे मानले, तर तो अणू तीन-साडेतीन एकरांच्या चौकोनी वावराएवढा होईल. मध्ये एक दाणा आणि बाकीचे वावर जवळजवळ मोकळे! गंमत अशी की अणूचे जवळजवळ सगळे वजन त्या दाण्यातच असते. एका प्रोटॉनच्या वजनात सुमारे १८३६ इलेक्ट्रॉन तोलावे लागतील.

हे शोधून काढणारा अर्नेस्ट रदरफोर्ड हा न्यूझीलंडमधील शेतकऱ्याचा मुलगा. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे त्याच्या सहकाऱ्यांनी सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा नावाचे वेगवान कण सोडले. बहुतेक कण आरपार गेले, परंतु हजारोंमध्ये एखादा कण उलटा परत आला. हुरड्याच्या दिवसांत उभ्या ज्वारीतून गोफणीचे दगड मारावेत, सारे पलीकडे जावेत आणि एखादाच आत दडलेल्या धोंड्यावर आपटून परत यावा, तसा हा प्रकार होता. त्यावरून १९११ साली रदरफोर्डने अणूच्या पोटात लहानसे पण जड केंद्रक आहे असे मांडले. इलेक्ट्रॉन त्याआधीच, १८९७ साली, जे. जे. थॉमसनने शोधला होता. न्यूट्रॉन १९३२ साली जेम्स चॅडविकला सापडला.

आता जुना वाडा आठवा. वाड्याला बाहेर ओसरी असते. येणारा-जाणारा तेथेच टेकतो, देणे-घेणे तेथेच होते. वाड्याच्या आत, भिंतीच्या पोटात, धान्याचे बळद असते. घरची खरी पुंजी तेथे असते, आणि आल्यागेल्याला त्याचे दार उघडत नाही. अणूचेही तसेच आहे. सर्वांत बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन ही अणूची ओसरी आणि केंद्रक हे अणूचे बळद.

चुलीतील जाळ, लोखंडाचा गंज, पिकाने खत घेणे, तारेतून वाहणारी वीज हा सारा ओसरीवरचा व्यवहार होय. त्यात बळदाला धक्काही लागत नाही. बळदात जे घडते त्याची उलाढाल मात्र फार मोठी असते. ओसरीवर एका अणूमागे एक रुपयाची देवघेव होत असेल, तर बळदात ती लाखांच्या घरात जाते. ही दोन दालने वेगळी आहेत एवढे ध्यानात ठेवले, की अर्धी भीती तेथेच संपते.

ओसरीवरची सावड

तांब्याच्या अणूचा बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल असतो. तो एका अणूचा राहत नाही, सगळ्या तारेत हिंडतो. म्हणून तांबे विजेचे सुवाहक आहे. रबर, चिनी माती, कोरडे लाकूड यांचे इलेक्ट्रॉन बांधलेले असतात. म्हणून ते दुर्वाहक आहेत. या दोहोंच्या मधले ते अर्धवाहक. त्यांत सर्वांत उपयोगी पडलेला पदार्थ म्हणजे सिलिकॉन.

सिलिकॉन आपल्या ओळखीचाच आहे. नदीची वाळू, आपली काळी माती, डोंगराचा काळा पाषाण या सर्वांत तो ऑक्सिजनशी जोडलेल्या रूपात असतो. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजनच्या खालोखाल त्याचाच क्रमांक लागतो. त्याच्या अणूत १४ इलेक्ट्रॉन असतात. पहिल्या कक्षेत २, दुसरीत ८ आणि बाहेरच्या ओसरीवर ४. शुद्ध सिलिकॉनच्या स्फटिकात प्रत्येक अणूचे चार शेजारी असतात. आपण पेरणीला सावड करतो ना, 'मी तुझ्या वावरात येतो, तू माझ्या वावरात ये,' तशीच सावड हे अणू करतात. प्रत्येक जण आपला एकेक इलेक्ट्रॉन एकेका शेजाऱ्याबरोबर भागीत घालतो. चारही इलेक्ट्रॉन सावडीत गुंतले की हिंडायला मोकळा कोणी उरत नाही. म्हणून शुद्ध सिलिकॉनमधून वीज फारच थोडी वाहते.

स्फुरद आणि बोरॉनची चिमूट

खरी युक्ती पुढेच आहे, आणि तिच्यासाठी लागणारे दोन पदार्थ शेतकऱ्याला तोंडपाठ आहेत. नत्र, स्फुरद, पालाश यांतील स्फुरद म्हणजे फॉस्फरस. त्याच्या ओसरीवर ५ इलेक्ट्रॉन असतात. सिलिकॉनच्या लाखो अणूंमागे स्फुरदाचा एखादा अणू मिसळला, की त्याचे चार इलेक्ट्रॉन सावडीत जातात आणि पाचवा मोकळा राहतो. असा सिलिकॉन तो एन प्रकारचा. याउलट बोरॉन घ्या. आपण तो सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून पिकावर फवारतो. त्याच्या ओसरीवर ३ च इलेक्ट्रॉन असतात. सावडीत एक जागा रिकामी पडते. पंगतीत एक पाट रिकामा राहिला आणि शेजारचा त्यावर सरकला, की त्याचा पाट रिकामा होतो, मग पुढचा सरकतो. माणसे एकीकडे सरकतात आणि रिकामा पाट दुसरीकडे सरकत जातो. या रिकाम्या जागेला पुस्तकात 'विवर' म्हणतात. असा सिलिकॉन तो पी प्रकारचा.

एन आणि पी हे थर एकमेकांस जोडले, की सीमेवर काही इलेक्ट्रॉन पलीकडच्या रिकाम्या जागांत जाऊन बसतात. त्यामुळे तेथे विजेचा एक उतार तयार होतो. या सांध्यातून वीज एका दिशेस सहज वाहते, उलट्या दिशेस वाहत नाही. विहिरीतील फूट व्हॉल्व्ह जसा पाणी वर चढू देतो पण खाली उतरू देत नाही, तसेच हे काम. यालाच डायोड म्हणतात.

आता नातीच्या प्रश्नाकडे येऊ. सौर प्लेट म्हणजे असे रुंद, पातळ सांधेच. त्यांच्यावर ऊन पडले, की प्रकाशाच्या धक्क्याने सावडीतील इलेक्ट्रॉन सुटतो. सीमेवरचा उतार त्याला एका बाजूस ढकलतो. बाहेरून तार जोडली, की तो मोटारीतून काम करून पुन्हा आपल्या जागी परततो. डिझेल नाही, चाक नाही. एका सेलचा दाब सुमारे अर्धा व्होल्ट असतो. म्हणून हातबत्तीत सेल एकापुढे एक घालतो तसे प्लेटमध्ये अनेक सेल ओळीने जोडलेले असतात. असा पहिला उपयोगी सिलिकॉन सेल १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. पडलेल्या उन्हापैकी त्याने सुमारे ६ टक्केच ऊर्जेची वीज केली. आजच्या चांगल्या प्लेटा २० टक्क्यांहून अधिक करतात.

याच प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्मास आला होता. आबांच्या तरुणपणी खांद्याला लटकणाऱ्या रेडिओला आपण 'ट्रान्झिस्टर' म्हणायचो, ते त्याच्या पोटातील या लहानशा भागाचे नाव. आज मोबाईलमधील नखाएवढ्या चिपमध्ये असे अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. एलईडी दिवा हा तर सौर सेलचा उलटा भाऊ. त्याला वीज द्यावी आणि उजेड घ्यावा.

महाराष्ट्रात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून ३, ५ व साडेसात अश्वशक्तीचे पंप शेतावर आले आहेत. ज्यांच्याकडे प्लेटा आहेत त्यांनी चार गोष्टी जरूर पाळाव्यात.

एक, प्लेटेच्या एका कोपऱ्यावर जरी झाडाची सावली पडली तरी सगळ्या ओळीची वीज घटते. पाइपात एके ठिकाणी बोळा बसावा तसे होते. दोन, धूळ साचू देऊ नये. सकाळी लवकर साध्या पाण्याने व मऊ फडक्याने धुवावी. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. तीन, प्लेटेला उजेड हवा, उष्णता नको. ती तापली की तिचा दाब उतरतो. म्हणून वैशाखाच्या रखरखीत दुपारपेक्षा स्वच्छ, थंड हवेतील लख्ख ऊन तिला मानवते. चार, ऊन आहे तोवर प्लेटेतील वीज 'बंद' होत नाही. उघड्या तारांना, जोडांना हात लावू नये.

आणि महत्त्वाचे म्हणजे हा सारा ओसरीवरचा खेळ आहे. प्लेटेतून कोणतीही अणुकिरणे निघत नाहीत. तिच्याखाली निर्धास्त भाजीपाला लावावा.

बळदाचे दार उघडते तेव्हा

आता बळदाकडे वळू. एकाच भाराचे प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात, तरी केंद्रकात ते एकत्र राहतात. कारण अगदी जवळ आल्यावर त्यांना बांधून ठेवणारे एक फार मोठे बल असते. परंतु काही केंद्रकांचा तोल नीट बसलेला नसतो. ती आपोआप बदलतात आणि बदलताना अल्फा, बीटा वा गॅमा किरणे बाहेर टाकतात. यालाच किरणोत्सार म्हणतात. १८९६ साली आंरी बेक्वेरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या ध्यानात तो प्रथम आला. पुढे मेरी व पिअरे क्यूरी यांनी त्याचा कसून अभ्यास केला.

किरणोत्सार ही केवळ कारखान्यातील वस्तू आहे असे समजू नये. आपण शेतात घालतो त्या पालाशाच्या, म्हणजे पोटॅशियमच्या, दर साडेआठ हजार अणूंमागे साधारण एक अणू अस्थिर असतो. तो खतात असतो, केळ्यात असतो, आपल्या रक्तामांसातही असतो. मोठ्या माणसाच्या शरीरात असे सुमारे चार हजार अणू दर सेकंदाला फुटत असतात. मनुष्यजात आरंभापासून यासह जगत आली आहे. म्हणून प्रश्न नेहमी 'किती?' आणि 'कोठे?' असा विचारावा. किरणे जास्त असतील तर ती पेशी मारतात व कर्करोगही करतात, हे खरे आहे. थोडे मीठ आणि शेरभर मीठ यांत जे अंतर तेच येथे.

अस्थिर अणूंचा साठा एका ठरावीक काळात निम्मा होतो. त्यास अर्धायुष्य म्हणतात. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे सव्वापाच वर्षांचे आहे. आज शंभर शेर असेल तर सव्वापाच वर्षांनी पन्नास, साडेदहा वर्षांनी पंचवीस.

युरेनियमच्या जड केंद्रकावर न्यूट्रॉन आदळला तर ते दुभंगते आणि आणखी न्यूट्रॉन सुटतात. ते पुढची केंद्रके फोडतात. ही साखळी ताब्यात ठेवली की वीज मिळते. बेताल सुटली की बॉम्ब होतो. मुंबईजवळ तुर्भे येथे १९५६ साली 'अप्सरा' ही देशातील पहिली अणुभट्टी सुरू झाली, आणि १९६९ साली तारापूरच्या केंद्रातून वीज मिळू लागली. एक ग्रॅम युरेनियम-२३५ पुरते दुभंगले तर सुमारे तीन टन दगडी कोळशाएवढी उष्णता मिळते. कोळसा जाळणे हा ओसरीवरचा व्यवहार आणि हे बळद. फरक तो एवढा!

कांदा, उडीद आणि शेजारची बाई

वैजापूर-लासूरकडील आपले कांदा उत्पादक लासलगावचे नाव जाणतातच. निफाड तालुक्यातील या गावी २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने 'कृषक' हे विकिरण केंद्र उभारले. तेथे कोबाल्ट-६० ची गॅमा किरणे कांद्यावर सोडतात. त्यामुळे कोंब फुटणे थांबते. २००७ साली येथूनच विकिरण केलेला आंबा अमेरिकेस गेला. मात्र सडका वा जखमी कांदा किरणांनी सुधारत नाही. नीट वाळवलेला, निरोगी मालच त्यासाठी घ्यावा लागतो.

असा कांदा खाल्ला तर किरणे पोटात जातील काय? नाही. कोबाल्टच्या गॅमा किरणांचे बळ कांद्याच्या अणूंच्या ओसरीवरील इलेक्ट्रॉन उडविण्यापुरते असते. त्यामुळे कोंबाच्या पेशींची वाढ थांबते. परंतु कांद्यातील अणूंच्या बळदाचे दार त्यांच्याने उघडत नाही. म्हणून कांदा किरणोत्सारी होत नाही. बॅटरीचा झोत भिंतीवर मारला म्हणून बॅटरी विझल्यावर भिंत काही उजेड देत नाही.

बियाण्याचेही तसेच. किरणांनी बियांच्या आनुवंशिक गुणांत बदल घडवून, हजारो रोपांतून चांगले तेवढे निवडून, संकरातून नवे वाण काढतात. भाभा केंद्र व अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ यांनी मिळून दिलेला, १९८५ साली प्रसारित झालेला टीएयू-१ हा उडदाचा वाण याच वाटेने आला. महाराष्ट्रात तो घरोघर पेरला गेला. त्या उडदाच्या वरणात किरणे नव्हती.

आणि आता शेजारची बाई. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, व मराठवाड्याच्या गावोगावचे रुग्ण तेथे येतात. बाहेरून यंत्राने जो शेक देतात त्यात किरणे रोगट पेशींवर नेमकी सोडतात. कोबाल्ट-६० वर चालणारे 'भाभाट्रॉन' नावाचे असे यंत्र आपल्याच देशात, भाभा केंद्रात बनले. यंत्र बंद झाले की किरणे संपली. रुग्णाच्या अंगात काही उरत नाही. त्या बाईचे ताट वेगळे करण्याचे कारण नाही, आणि नातवाला मांडीपासून दूर ठेवण्याचेही नाही. उलट घरच्यांचा आधार हेच तिला मोठे औषध आहे.

एक अपवाद मात्र सांगितलाच पाहिजे. गळ्यातील ग्रंथीच्या, म्हणजे थायरॉइडच्या, काही आजारांत किरणोत्सारी आयोडीन पोटात देतात. अशा रुग्णाने काही दिवस लहान मुले व गरोदर स्त्रियांपासून अंतर राखावयाचे असते. किती दिवस, ते डॉक्टर स्वतः सांगतात. ते म्हणतील तेवढे पाळावे. त्याहून अधिक नाही.

भ्यावे ते कशाला?

भ्यावयाचे ते उघड्या पडलेल्या किरणोत्सारी पदार्थाला. २०१० साली दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा जुना साठा नकळत विकला गेला. भंगारवाल्यांनी तो उघडला. एकाचा जीव गेला, अनेक जण आजारी पडले. डोळ्यांना काही दिसले नव्हते, नाकाला वास आला नव्हता. मुलांना एक खूण शिकवून ठेवावी. पिवळ्या रंगावर मध्ये टिंब आणि भोवती तीन पाकळ्या अशी खूण असलेली जड पेटी वा नळकांडे कोठे आढळले, तर हात लावू नये, उघडू नये, दूर व्हावे आणि पोलिसांस कळवावे.

ज्या मुलामुलींना या विषयाची गोडी लागेल त्यांनी दहावीनंतर विज्ञान शाखा, आयटीआय वा तंत्रनिकेतनातील इलेक्ट्रॉनिक्स असे मार्ग धरावेत. छत्रपती संभाजीनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे शिक्षण आहे, आणि त्याच परिसरात इलेक्ट्रॉनिक्स शिकविणारी केंद्र सरकारची 'नायलिट' ही संस्था आहे. सौर पंप दुरुस्त करणारा हात आता गावोगाव लागणार आहे. तो आपल्याच घरातला का नसावा?

त्या रात्री ओट्यावर हे सारे बोलणे झाले. शेवटी नातीने आणखी एक प्रश्न विचारला, "मग सूर्यात काय जळतं?" सूर्यात जळत काही नाही. तेथे हायड्रोजनची केंद्रके एकत्र येऊन हेलियमची बनतात. ते बळदाचे काम आहे. तेथून निघालेला उजेड सुमारे आठ मिनिटे वीस सेकंदांत आपल्या वावरात पोचतो आणि प्लेटेतील सिलिकॉनच्या ओसरीवर पडतो. बळदाने दिले, ओसरीने घेतले, आणि विहिरीचे पाणी मोसंबीला गेले.

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग उठून पायांत वहाणा घालत सुनेला म्हणाले, "शेजारी जाऊन येतो. वहिनींच्या लेकाशी जरा बोलायचं आहे."